अमेरिकन यादवी युद्धाची कारणे शिकवताना: पाच तासिकांचे सविस्तर नियोजन

‘अमेरिकन यादवी युद्धाची कारणे लिहा’ असा प्रश्न दिला की उत्तर ठरलेले असते. आर्थिक कारण, राजकीय कारण, सामाजिक कारण, तात्कालिक कारण: चार मुद्दे, प्रत्येकाखाली दोन ओळी, पूर्ण गुण. या उत्तरातले एकही वाक्य कदाचित चूक नसते, तरी विद्यार्थ्याला युद्ध का झाले ते कळलेले नसते. जकात (आयात मालावरचा कर), राज्यांचे हक्क, गुलामगिरी, लिंकनची निवड हे सगळे एका रांगेत सारख्याच उंचीचे उभे राहतात. कशातून काय निघाले हे त्या रांगेत कुठेच दिसत नाही. म्हणून हे नियोजन यादी मोडून साखळी जोडण्यासाठी आहे. नववी ते बारावीच्या वर्गाला ते चालते. आठवीला घ्यायचे असेल तर चौथ्या तासिकेतले उतारे निम्मे करा.

तासिका ३५ मिनिटांची आणि वर्ग साठ जणांचा धरला आहे. साहित्य फार लागत नाही: अमेरिकेचा १८६० चा बाह्यरेखा नकाशा (सहा जणांच्या गटाला एक, म्हणजे दहा प्रती), पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाच्या शंभरेक चिठ्ठ्या, दोन रंगांचे खडू आणि एका पानावर छापलेले चार छोटे उतारे. नकाशा आजच्या अमेरिकेचा घेऊ नका. त्यावर पन्नास राज्ये असतात, आणि ज्या भूभागावरून सगळा वाद पेटला तो तेव्हा राज्य नव्हताच, ही गोष्ट त्यात हरवते.

सुरुवातीलाच निस्तरायचे शब्द

पहिल्या तासिकेतली दहा मिनिटे शब्दांना द्या. ती वाया जात नाहीत. आपला ‘यादवी’ हा शब्द यादवांच्या आपसातल्या संहारावरून आला. भावाभावांनी भान हरपून एकमेकांना मारले, हे चित्र त्याला चिकटलेले आहे. अमेरिकेच्या बाबतीत हे चित्र दिशाभूल करते: गोऱ्या भावांचे दुर्दैवी भांडण तेवढे दिसते, आणि ज्यांच्या मालकीवरून भांडण झाले ती चाळीस लाख माणसे चित्राबाहेर राहतात. शब्द बदलायची गरज नाही, पण हे एकदा बोलून दाखवा.

‘काँग्रेस’ म्हणजे इथे अमेरिकेची संसद, आपला पक्ष नव्हे. सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही तिची दोन सभागृहे. ‘दक्षिण’ म्हणजे अमेरिकेतलीच गुलामगिरीची राज्ये, दक्षिण अमेरिका खंड नव्हे. हा घोटाळा अकरावीतही होतो, त्यामुळे नकाशावर बोट ठेवूनच सांगा. सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘प्रदेश’, म्हणजे टेरिटरी. केंद्राच्या ताब्यातली, अजून राज्याचा दर्जा न मिळालेली, पुढे राज्य होणार असलेली जमीन. आपल्या केंद्रशासित प्रदेशाची आठवण मुले काढतील. चालेल, पण ‘पुढे राज्य होणार’ हा भाग ठसवा. तिसरी तासिका त्यावरच उभी आहे.

पहिली तासिका: मुंबईतून प्रवेश

प्रश्न असा टाका: १८६१ नंतर मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांच्या हाती अचानक एवढा पैसा का खेळू लागला? बॅकबे रेक्लमेशनसारख्या कंपन्यांच्या शेअरवर शहर वेडे झाले, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच बाजार कोसळला. राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि ज्यांच्या आईचे नाव त्याला आहे, ते प्रेमचंद रायचंद याच तेजीमंदीतले सर्वांत मोठे नाव.

उत्तर मुलांकडूनच काढा. लिंकनने एप्रिल १८६१ मध्ये दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली. इंग्लंडच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस तिथून यायचा. तो अडला, म्हणून गिऱ्हाईक मुंबईकडे वळले.

इथे सावध राहावे लागते. मुंबईची तेजी हा युद्धाचा परिणाम आहे, कारण नव्हे. फळ्यावर ‘परिणाम’ असे लिहून ती चौकटीत बंद करा, नाहीतर पेपरात ‘मुंबईचा कापूस’ कारणांत येऊन बसतो. मग उलटा प्रश्न विचारा: एवढा कापूस तिथे पिकवत कोण होते? इथून खरा धडा सुरू होतो. १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र आले आणि आखूड धाग्याचा कापूस फायद्याचा झाला. १७९० च्या जनगणनेत गुलाम सुमारे ७ लाख होते. १८६० मध्ये ३९ लाख ५३ हजार. कापूस तेव्हा अमेरिकेच्या एकूण निर्यातीच्या निम्म्याहून अधिक होता. गुलाम माणसांची बाजारातली किंमत ३ अब्ज डॉलरहून जास्त धरली जाई, म्हणजे देशातल्या सगळ्या रेल्वे आणि कारखान्यांत मिळून गुंतलेल्या भांडवलापेक्षा अधिक. हा आकडा सांगताना आवाज सपाट ठेवू नका. माणसांवर किंमत लिहिली जात होती, हे वर्गाला जाणवायला हवे.

दुसरी तासिका: टक्केवारीचा तक्ता

पाचांपैकी एकच तासिका हातात असेल तर हीच घ्या. १८६० मध्ये गुलामगिरी कायदेशीर असलेली राज्ये १५ होती. त्यांपैकी ११ फुटली, म्हणजे संघराज्यातून बाहेर पडली, ४ राहिली. प्रत्येक राज्याची एक चिठ्ठी करा. पुढच्या बाजूला नाव आणि लोकसंख्येतले गुलामांचे प्रमाण, मागच्या बाजूला फुटण्याची तारीख किंवा ‘फुटले नाही’. आकडे त्या वर्षीच्या जनगणनेचे, पूर्णांकात:

साउथ कॅरोलायना ५७ (२० डिसेंबर १८६०)
मिसिसिपी ५५ (९ जानेवारी १८६१)
लुइझियाना ४७ (२६ जानेवारी)
अलाबामा ४५ (११ जानेवारी)
फ्लॉरिडा ४४ (१० जानेवारी)
जॉर्जिया ४४ (१९ जानेवारी)
नॉर्थ कॅरोलायना ३३ (२० मे)
व्हर्जिनिया ३१ (१७ एप्रिल)
टेक्सास ३० (१ फेब्रुवारी)
आर्कान्सा २६ (६ मे)
टेनेसी २५ (८ जून)
केंटकी २० (फुटले नाही)
मेरीलँड १३ (फुटले नाही)
मिसुरी १० (फुटले नाही)
डेलावेअर २ (फुटले नाही)

पंधरा मुलांना पुढे बोलवा. चिठ्ठ्या पुढच्या बाजूने धरून त्यांनी मोठ्या टक्क्यापासून लहानापर्यंत ओळीत उभे राहायचे. मग एकेकाने चिठ्ठी उलटून तारीख मोठ्याने वाचायची. डावीकडची सहा मुले जानेवारीअखेर फुटलेली असतात, उजवीकडची चार फुटतच नाहीत. हे काहीही न सांगता दिसते, आणि वर्गातून ‘अरे!’ येतो. तिथे लगेच बोलू नका. एक मिनिट जाऊ द्या.

टेक्सास ओळीत बसत नाही: ३० टक्के, तरी पहिल्या लाटेत. ही अडचण लपवू नका, प्रश्न म्हणून द्या. टेक्सासला लुइझियाना लागून आहे, तिथे कापसाचा मळा झपाट्याने पसरत होता, आणि गुलामांची संख्या १८५० ते १८६० या दहा वर्षांत तिपटीने वाढली होती. आजचे प्रमाण आणि वाढीची दिशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना इथे कळते. शिवाय, एका आकड्यातून सगळे सिद्ध होत नाही, हेही.

वेळ उरला तर व्हर्जिनियाच्या वायव्येचा डोंगराळ भाग दाखवा. तिथे मळे नव्हते, गुलाम थोडे होते. त्या भागाने फुटण्यास नकार दिला आणि १८६३ मध्ये तो वेस्ट व्हर्जिनिया हे स्वतंत्र राज्य झाला. म्हणजे राज्याच्या पोटातही तोच नियम चालला.

या तासिकेत एक प्रश्न हमखास येतो: ‘दक्षिणेतल्या बहुतेक गोऱ्यांकडे गुलाम नव्हतेच, मग ते का लढले?’ फुटलेल्या राज्यांत सुमारे तीस टक्के गोऱ्या कुटुंबांकडे गुलाम होते, बाकीच्यांकडे नव्हते, हे खरे. पण मालक होण्याची आकांक्षा, भाड्याने घेतलेले गुलाम, मळेवाल्या नातलगांचा आधार, आणि कितीही गरीब असलो तरी काळ्या माणसाच्या वर आहोत ही प्रतिष्ठा, हे सगळे त्यांना बांधून ठेवत होते. त्यात भीतीही होती. हैतीतले गुलामांचे बंड (१७९१ ते १८०४), व्हर्जिनियातले नॅट टर्नरचे बंड (१८३१) आणि ऑक्टोबर १८५९ मधला गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनचा हार्पर्स फेरीच्या शस्त्रागारावरचा छापा त्यांना पाठ होते. आपल्याकडच्या मुलांना जातीतल्या पायऱ्यांचा अनुभव आसपास असतो, त्यामुळे प्रतिष्ठेचा मुद्दा ती चटकन पकडतात. तुलना करू द्या, पण फरकही नोंदवायला लावा: इथे माणूस कायद्याने विकता येणारी मालमत्ता होता आणि आई गुलाम असली की मूल जन्मतः गुलाम ठरे.

तिसरी तासिका: रिकाम्या जमिनीवरून भांडण का?

बहुतेक वर्ग इथे अडखळतात. लिंकन असलेली गुलामगिरी मोडणार नव्हता. त्याच्या पक्षाची मागणी एवढीच होती की ती नव्या प्रदेशांत पसरू नये. मग जिथे गुलाम जवळपास नाहीतच त्या जमिनीसाठी एवढा आकांत कशासाठी? उत्तर सिनेटच्या गणितात आहे. राज्य लहान असो वा मोठे, सिनेटमध्ये प्रत्येकाला दोन जागा. प्रतिनिधिगृहात मात्र लोकसंख्येप्रमाणे जागा. गुलामांना मत नसतानाही त्यांच्या संख्येचे तीन पंचमांश मोजून दक्षिणेला जास्तीच्या जागा मिळत होत्या, तरीही उत्तरेची लोकसंख्या वाढत गेली आणि दक्षिण मागे पडली. ढाल उरली ती सिनेटची.

फळ्यावर दोन रकाने आखा, पांढऱ्या खडूने मुक्त राज्ये, पिवळ्याने गुलामगिरीची राज्ये. मिसुरीच्या तडजोडीने (१८२०) मेन आणि मिसुरी जोडीने आत आले: १२ आणि १२. त्याच तडजोडीत लुइझियाना खरेदीच्या (१८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) जमिनीवर ३६ अंश ३० मिनिटांची रेघ ठरली. मिसुरी सोडून तिच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. मग आर्कान्सा (१८३६) पिवळा, मिशिगन (१८३७) पांढरा. फ्लॉरिडा आणि टेक्सास (१८४५) पिवळे, आयोवा (१८४६) आणि विस्कॉन्सिन (१८४८) पांढरे. १५ आणि १५. आता १८५० मध्ये कॅलिफोर्निया, १८५८ मध्ये मिनेसोटा, १८५९ मध्ये ऑरेगन: तिन्ही पांढरे. १८ विरुद्ध १५. प्रत्येक नावाला एका विद्यार्थ्याने उठून खूण करावी, तुम्ही करू नये.

रकाने भरताना तीन घटना मधे घाला. पहिली, १८५० च्या तडजोडीतला पळालेल्या गुलामांचा कायदा: उत्तरेतल्या सामान्य नागरिकालाही पकडायला मदत करण्याचे बंधन. १८५४ मध्ये अँथनी बर्न्स या पळून आलेल्या गुलामाला बोस्टनमधून सैन्याच्या पहाऱ्यात परत नेले, तेव्हा गुलामगिरी ‘तिकडची गोष्ट’ राहिली नाही. दुसरी, त्याच वर्षीचा कॅन्सस–नेब्रास्का कायदा: १८२० ची रेघ पुसली, निर्णय तिथल्या रहिवाशांवर सोडला, आणि कॅन्ससमध्ये रक्त सांडले. याच संतापातून रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. तिसरी, १८५७ चा सर्वोच्च न्यायालयाचा ड्रेड स्कॉट निकाल: काळा माणूस नागरिक नाही आणि काँग्रेसला प्रदेशांत गुलामगिरी बंद करता येत नाही.

बर्न्स पळाला नसता तर बोस्टनमध्ये काही घडलेच नसते. पळून जाणाऱ्या हजारो माणसांनी हा प्रश्न उत्तरेच्या दारात नेऊन ठेवला. फ्रेडरिक डग्लस आणि हॅरिएट टबमन, गुलामगिरीतून पळून तिच्याविरुद्ध लढलेले हे दोघे, ही नावे ‘थोर व्यक्ती’ म्हणून शेवटी जोडू नका. ती कारणांच्या साखळीतली माणसे आहेत.

चौथी तासिका: त्यांच्याच तोंडून

गटागटाला चार उताऱ्यांचे पान द्या. प्रत्येक उतारा दोन-तीन ओळींचाच ठेवा, मराठीत उतरवून. वर तारीख ठळक लिहा, कारण या तासिकेतली निम्मी समज तारखेतून येते.

पहिला उतारा मिसिसिपीच्या जाहीरनाम्यातला, जानेवारी १८६१: आमची भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी, जगातल्या सर्वांत मोठ्या भौतिक हितसंबंधाशी, पूर्णपणे एकरूप आहे. दुसरा साउथ कॅरोलायनाच्या २४ डिसेंबर १८६० च्या जाहीरनाम्याचा सारांश. तक्रार अशी की उत्तरेची राज्ये स्वतःचे कायदे करून पळालेले गुलाम परत देण्याचे टाळतात, आणि न्यूयॉर्क आपल्या हद्दीतून गुलाम घेऊन जाऊही देत नाही. तिसरा लिंकनने २२ डिसेंबर १८६० रोजी जॉर्जियाच्या अलेक्झांडर स्टीफन्सला लिहिलेल्या पत्रातला: गुलामगिरी योग्य आहे आणि ती पसरावी असे तुम्हांला वाटते; ती चूक आहे आणि तिला आवर घालावा असे आम्हांला वाटते; अडते ते इथेच. चौथा त्याच स्टीफन्सचा. फुटलेल्या राज्यांनी स्थापलेल्या दक्षिणी संघाचा उपाध्यक्ष झाल्यावर २१ मार्च १८६१ रोजी सव्हानाच्या भाषणात त्याने सांगितले की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, या ‘सत्यावर’ नव्या सरकारची कोनशिला बसवली आहे.

गटांना तीनच प्रश्न द्या: हे कोण बोलतो, कोणासमोर, आणि राग कशाचा आहे? दुसऱ्या उताऱ्यावर जास्त वेळ थांबा. ‘राज्यांच्या हक्कांसाठी युद्ध’ हे कारण इथेच तपासता येते. साउथ कॅरोलायनाची तक्रार उत्तरेच्या राज्यांनी आपले हक्क वापरले याचीच आहे! तिला केंद्र दुबळे नको होते. गुलाम परत आणण्यापुरते बळकट केंद्र हवे होते. दक्षिणी संघाच्या मार्च १८६१ च्या राज्यघटनेने तर गुलामांवरची मालकी कमी करणारा कायदा करायला आपल्या काँग्रेसला स्पष्ट मनाई केली.

मग सांगा की युद्ध हरल्यावर स्टीफन्स आणि दक्षिणी संघाचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस या दोघांनीही लिहिले की लढा घटनेच्या तत्त्वाचा होता, गुलामगिरी हे केवळ निमित्त. माणूस तोच, १८६१ मध्ये एक बोलतो, हरल्यावर दुसरे. कोणत्या साक्षीवर जास्त विसंबायचे आणि का, यावर पाच ओळी लिहायला लावा. इतिहासाची साधने कशी तोलतात हे याहून सोप्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

पाचवी तासिका: साखळी जोडणे

आता ‘युद्ध का झाले’ या एका प्रश्नाचे तीन प्रश्न करा. पहिल्या लाटेतली सात राज्ये का फुटली? उरलेल्या देशाने त्यांना जाऊ का दिले नाही? आणि गोळी १२ एप्रिललाच का सुटली?

पहिल्याचे उत्तर मागच्या तीन तासिकांत आहे. त्यात १८६० ची निवडणूक जोडा. डेमोक्रॅटिक पक्ष प्रदेशांतल्या गुलामगिरीवरूनच दुभंगला, चार उमेदवार उभे राहिले, आणि लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर, दक्षिणेतल्या दहा राज्यांत मतपत्रिकेवर नाव नसतानाही, निवडून आला. दक्षिणेला कळले की आता तिच्या एकाही मताविना देशाचा अध्यक्ष होऊ शकतो. न्यायाधीश तोच नेमणार, दक्षिणेतले पोस्टमास्तरही तोच.

दुसऱ्याचे उत्तर वेगळे आहे आणि ते वेगळेच राहू द्या. उत्तरेची राज्ये १८६१ मध्ये संघराज्य टिकवण्यासाठी लढायला उतरली. गुलामांच्या मुक्तीची घोषणा १ जानेवारी १८६३ ला आली. ‘लिंकनने गुलाम मुक्त केले म्हणून दक्षिण फुटली’ ही पेपरातली सर्वांत मोठी चूक इथेच जन्मते. फळ्यावर दोन तारखा शेजारी लिहा: फुटणे डिसेंबर १८६०, घोषणा जानेवारी १८६३. फुटण्याचे कारण आणि युद्धाचा जाहीर हेतू हे एक नव्हेत.

तिसऱ्यासाठी फोर्ट सम्टर. चार्ल्स्टनच्या बंदरातला हा किल्ला केंद्राच्या ताब्यात होता आणि आतला शिधा संपत आला होता. लिंकनने फक्त अन्न पाठवत असल्याचे आधी कळवले. दक्षिणेने शरणागती मागितली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी पहाटे साडेचारला तोफा सुरू केल्या. १५ एप्रिलला लिंकनने ७५,००० स्वयंसैनिक मागवले, आणि तक्त्यातली मधली चार राज्ये त्यानंतर फुटली. तक्ता पुन्हा दाखवा. आता एप्रिल-मे-जूनच्या तारखांना अर्थ येतो.

शेवटची पंधरा मिनिटे चिठ्ठ्यांना. प्रत्येक गटाला आठ चिठ्ठ्या: कापसाची मागणी, गुलामांची वाढ, नवे प्रदेश, पळालेल्या गुलामांचा कायदा, ड्रेड स्कॉट, लिंकनची निवड, जकात, फोर्ट सम्टर. जमिनीवर मांडायच्या, खडूने बाण काढायचे, आणि प्रत्येक बाणावर ‘त्यामुळे’ने सुरू होणारे एक वाक्य म्हणायचे. वाक्य जमले नाही तर बाण पुसायचा. जकातीची चिठ्ठी मुद्दाम घातली आहे. १८३२ मध्ये साउथ कॅरोलायना जकातीवरून खरोखरच केंद्राशी भिडली होती. पण १८५७ ची जकात कमी होती, आणि वाढीव दरांची मॉरिल जकात मार्च १८६१ मध्ये मंजूर झाली, सात राज्ये निघून गेल्यावर. गटांना तिला बाण जोडणे जड जाते. जाऊ द्या.

घसरण्याच्या जागा

गुलामांच्या लिलावाचे नाट्यीकरण कधीही करू नका, कितीही ‘प्रभावी’ वाटले तरी. एखाद्या मुलाला बाकावर उभे करून बोली लावली की वर्ग हसतो, किंवा ते मूल आयुष्यभर विसरत नाही. ‘गुलामगिरी योग्य की अयोग्य’ असा वादविवादही ठेवू नका. वादाला विषय हवाच असेल तर हा द्या: १८५० नंतर युद्ध टळू शकले असते का?

उत्तर चांगली, दक्षिण वाईट, अशी सरळ फाळणीही नको. उत्तरेच्या गिरण्या त्याच कापसावर चालत, गुलामगिरीची चार राज्ये संघराज्याच्याच बाजूने राहिली, आणि उत्तरेतल्या बहुतेक राज्यांत काळ्या माणसाला मत नव्हते. हे सांगितल्याने गुलामगिरीचे मूळ कारण दुबळे होत नाही.

गुण कसे द्यायचे

‘कारणे लिहा’ ऐवजी असे विचारा: ‘कॅन्सस–नेब्रास्का कायदा साखळीतून काढला तर पुढचे कोणते दुवे निसटतात? दोन पुरावे द्या.’ दहा गुणांत दुव्यांच्या जोडणीला पाच, पुराव्याला तीन, तारखांच्या क्रमाला दोन. फक्त मुद्द्यांची यादी आली तर तीनच्या वर जाऊ नका, आणि हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

गृहपाठाला एक पुण्याचा प्रश्न द्या. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, गुलामांना दास्यमुक्त करण्याच्या त्यांच्या त्यागाबद्दल. युद्ध संपून आठच वर्षे झाली होती. पुण्यात बसलेल्या फुल्यांना या युद्धात काय दिसले, आणि त्याच काळात स्टीफन्स काय लिहीत होता, हे दोन रकान्यांत मांडायला सांगा.